केरबाचं खरं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कतारमधल्या दोह्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या थोडं अलीकडे, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प आहे. तिथल्या दवाखान्याच्या ओसरीत मी उभा असतो. माझा हिरवा रंग उन्हाने पांढुरका झाला आहे, चाकं गंजली आहेत आणि माझ्या लोखंडी पाटावर कुणीतरी कोरफडीची कुंडी आणून ठेवली आहे. कुंडीचं वजन चार किलो सातशे ग्रॅम आहे. हे मला कुणी विचारलेलं नाही, पण सवय जात नाही.

माझा जन्म गुजरातेत, सावरकुंडला गावी झाला. त्या गावात पुष्कळ कारागीर काटेच बनवतात. ज्याने मला घडवलं त्याने माझ्या पितळी दांडीवर शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणा स्वतःच्या हाताने कोरल्या. शेवटी माझ्या पाटावर वीस किलोचं वजन ठेवून दांडी आडवी, स्थिर होईपर्यंत तो श्वास रोखून बसला होता. दांडी स्थिर झाली तेव्हा तो स्वतःशीच हसला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढे जहाजातून मी दोह्याला आलो. १९७२ साल होतं. बाजारात मजीदभाईंचं कांदा-तांदळाचं दुकान होतं. तिथे सात वर्षं मी गोण्या तोलल्या. मग मजीदभाईंनी गोल तबकडीचा नवा काटा घेतला आणि मला या दवाखान्यात पाठवून दिलं. कांद्यांनंतर माणसं तोलायला मिळाली, तेव्हा मला वाटलं, आपली बढती झाली.

दवाखान्यात केरळचे रहमानभाई कंपाउंडर होते. वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची तपासणी होई. रहमानभाई दारात उभे राहून हाका मारत, "यल्ला, यल्ला! ऊपर चढो, हिलो मत. अगला आदमी!" रांगेतली माणसं माझ्याकडे जरा घाबरूनच बघत. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मुकादम केरबा मात्र माझ्यावर चढण्याआधी वाकून माझ्या पाटाला बोटं लावी आणि ती कपाळाला टेकवी. नाशिककडच्या कांद्याच्या मार्केटात त्याने बारा वर्षं हमाली केली होती. तिथे सकाळी काम सुरू करताना सगळे हमाल काट्याच्या पाया पडत. परदेशात माझ्या पाया पडणारा तो एकटाच होता.

मित्रांनो, आता मी तुम्हाला मालविकाबद्दल सांगतो.

मालविका कंपनीतले इंजिनियर शशिकांत साहेब यांची मुलगी. दहावीपर्यंत ती दोह्यातच शिकली आणि मग पुण्याला जाऊन डॉक्टरीचा अभ्यास करू लागली. तिला मूत्रपिंडाच्या आजारांची डॉक्टर व्हायचं होतं आणि ते शिकायला अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात जायचं होतं. तुम्हाला वाटत असेल, डॉक्टरीची परीक्षा झाली की झालं. तसं नसतं. त्यानंतर काही वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली रुग्णालयात दिवसरात्र काम करून शिकावं लागतं. त्याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. चांगल्या ठिकाणी एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येतात.

तिचा आतेभाऊ मधू तिथेच डॉक्टर होता. त्याने तिला पत्र लिहिलं होतं: "मालू, इथे नुसत्या मार्कांनी काही होत नाही. मार्क सगळ्यांनाच असतात. विद्यार्थी असताना तू स्वतः काही संशोधन केलंस का, हे अर्जात विचारतात. ती ओळ रिकामी राहिली की परदेशी मुलांचा अर्ज बाजूला पडतो."

ती ओळ भरायला मालविका १९८४ च्या मे महिन्यात माझ्याकडे आली.

तिने विचार पक्का केला होता. कॅम्पमध्ये मुतखड्याने तळमळणारे कामगार पुष्कळ होते. उन्हात घामावाटे शरीरातलं पाणी जातं, लघवी कमी होते आणि खडे होतात, असं तिने पुस्तकात वाचलं होतं. पण किती पाणी जातं? ते मोजायचा सोपा मार्ग म्हणजे कामावर जाताना माणसाला तोलायचं आणि परत आल्यावर पुन्हा तोलायचं. जेवढं वजन घटलं, साधारण तेवढं पाणी गेलं. तिने चाळीस माणसं निवडली. एकवीस जण कॅम्पशेजारच्या यार्डात काम करत. त्यांच्या हाताशी थंड पाण्याचा कूलर होता. एकोणीस जण केरबाच्या टोळीतले. ते दूर डांबराच्या कामावर जात आणि तिथे दिवसातून दोनदा पाण्याचा टँकर येई.

पहिल्या सकाळी तिने माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवून मला तपासलं. मग केरबाची पाळी आली. त्याने मला नमस्कार केला, शर्ट-पँट काढून ठेवली आणि लुंगीवर उभा राहिला. कमरेला तंबाखूची चंची होती.

"केरबामामा, ती पिशवी पण काढा ना," मालविका म्हणाली.

"ताई, चंची काढली की मला उघडं-उघडं वाटतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, त्याची बायको फुलाबाई पण एवढी जवळ नसायची कधी!"

सगळे हसले. मालविकाही हसली. सकाळी चंचीसकट आणि दुपारीही चंचीसकट तोललं तर फरक पडणार नाही, असा विचार करून तिने ते चालवून घेतलं. विचार बरोबर होता. मात्र त्यासाठी चंचीत दोन्ही वेळा तंबाखूच असायला हवी होती.

पहिल्या दिवशी केरबा सकाळी अठ्ठावन्न किलो चारशे भरला आणि दुपारी अठ्ठावन्न किलो तीनशे. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टोळीत जिकडे तिकडे चंच्या आणि पिशव्या दिसू लागल्या. यार्डातली माणसं दीड-दीड किलो घटत. केरबाची माणसं मात्र जेवढी जात तेवढीच परत येत.

मित्रांनो, मला खरं कळत होतं. माणूस उभा राहिला की त्याच्या श्वासाबरोबर माझी दांडी अगदी बारीक हलते. लोखंड श्वास घेत नाही. दुपारी केरबाच्या कमरेशी काहीतरी होतं, ते श्वास घेत नव्हतं. पोटही पाण्याने डबडबलेलं होतं. पण मला तोंड कुठे आहे? मी अठ्ठावन्न किलो तीनशे दाखवलं आणि गप्प राहिलो.

तीन आठवड्यांनी मालविकाने आकड्यांचा तक्ता केला आणि पुण्याला जाणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती आपल्या सरांकडे पाठवला. आठ-दहा दिवसांत दुसऱ्या कुणाच्या तरी हाती उत्तर आलं. ते तिने ओसरीतच उभ्या-उभ्या फोडलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. सरांनी लिहिलं होतं: "वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या शरीराला पाणी कमी लागते, असा तुझ्या आकड्यांचा अर्थ दिसतो. हे नवे आहे. तीस जूनच्या आत पूर्ण निबंध दे. मी तो डॉक्टरांच्या परिषदेला पाठवतो. तुझ्या अर्जाला याहून चांगली शिफारस मिळणार नाही."

"शाब्बास, मालू!" शशिकांत साहेब म्हणाले. त्यांनी तो तक्ता कौतुकाने कंपनीच्या मोठ्या साहेबांना नेऊन दाखवला. मोठ्या साहेबांनाही तो आवडला. एवढ्या लांब टँकर दोनदा कशाला पाठवायचा, असं ते म्हणाले. जुलैपासून दुपारची फेरी बंद करायची ठरली.

सगळे खूश होते. मालविकाही होती. मग एका दुपारी ती कामगारांच्या खोल्यांच्या मागून चालली असताना तिला दोरीवर केरबाच्या टोळीचे शर्ट दिसले. अजून धुतलेले नव्हते. घाम वाळून प्रत्येक शर्टाच्या पाठीवर मिठाची पांढरी वर्तुळं उमटली होती. कापड पापडासारखं कडक झालं होतं. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तडक माझ्याकडे आली आणि माझ्याकडे असं बघू लागली, की मला लाज वाटली.

"बाबा, समथिंग इज राँग," ती संध्याकाळी म्हणाली. "वजन घटत नाही, तर शर्टावर एवढं मीठ येतं कुठून? काटाच बिघडला असेल."

तो आळ माझ्यावर आला. बारा वर्षांत मला कुणी खोटा म्हटलं नव्हतं.

पंधरा जूनला शुक्रवार होता. कॅम्पला सुट्टी होती. गॅरेजमधला मेकॅनिक निवृत्ती हत्यारं घेऊन आला. मला आडवं करायला त्याने केरबाला हाक मारली. मालविका, शशिकांत साहेब आणि रहमानभाई बाजूला उभे होते. निवृत्तीने माझा एकेक भाग उघडून पुसला, परत बसवला आणि मला उभं केलं.

"काही नाही, ताई. मुंगीएवढी खोट नाही यात."

मालविकाने वीस किलोचं वजन ठेवलं. मी वीस दाखवले. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं. मी पन्नास दाखवले.

"जाऊ दे, मालू," शशिकांत साहेब म्हणाले. "लोखंड आणि तांदूळ बरोबर दाखवतो, माणूस दाखवत नाही. जुना झालाय. उद्या भंगारात देऊ आणि नवा मागवू."

"साहेब," केरबा म्हणाला, "काट्याला बोल लावू नका."

"अरे, मग काय तुला लावू?" साहेब हसत म्हणाले.

"हो. मलाच लावा."

केरबा पुढे आला. त्याने कमरेची चंची सोडली आणि माझ्या पाटावर उपडी केली. खण्‌-खण्‌ करत त्यातून मोठाले नटबोल्ट पडले. कालपासून त्याने ते काढलेच नव्हते. एक किलो दोनशे ग्रॅम भरले. वर चिमूटभर तंबाखू होती.

केरबा खाली मान घालून बोलू लागला.

"ताई, मार्केटात गोणी आत येताना तोलतात, बाहेर जाताना तोलतात. मधे घट आली की हमालाला धरतात. तुम्ही आम्हाला जाताना तोललं, येताना तोललं. पोरं म्हणाली, घट आली तर ताईंची परीक्षा गेली. आन् आपलंबी तिकीट निघालं. मागल्या साली महिपतीचं वजन उतरलं, तर आठ दिवसांत त्याला गावी धाडला. म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना, बोल्ट घ्या, आन् काट्यावर चढण्याआधी दोन लोटे पाणी प्या."

"अरे, महिपती को टीबी था!" रहमानभाई कपाळावर हात मारून म्हणाले. "वजन टीबी से गिरा था. इलाज के लिए भेजा उसको."

"तो बोला क्यों नहीं?" केरबाने विचारलं.

"किसी ने पूछा नहीं."

मालविका माझ्या उभ्या खांबाला धरून उभी होती. "मीपण कुठे सांगितलं?" ती हळूच म्हणाली. "रोज तोललं तुम्हाला. कशासाठी, ते एकदाही सांगितलं नाही." मग ती केरबाकडे वळली. "मामा, या आकड्यांवरून तुमचा दुपारचा टँकर बंद होणार आहे."

केरबा ओसरीच्या पायरीवर बसला. "म्हणजे आमचं पाणी आम्हीच तोडलं?"

शशिकांत साहेब वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. पण ते बाप होते. "टँकरचं मी बघतो," ते म्हणाले. "मोठ्या साहेबांशी बोलतो. पण तुझा निबंध, मालू? सत्तावीसला तुझं विमान आहे. सरांनी शब्द टाकलाय. ही संधी गेली तर अर्जात काय लिहिणार?"

"खोटं आहे ते, बाबा."

"तू कुठे खोटं बोललीस?"

"आजपर्यंत नाही. उद्या पाठवलं तर बोलेन."

"आन् ताई, रिकाम्या हाती कशाला जायचं?" केरबा उठून उभा राहिला. "अकरा-बारा दिस हायेत की. पुन्हा तोला."

दुसऱ्या दिवशी पहाटे एकोणीसच्या एकोणीस जण ओसरीत जमले. मालविकाने आधी त्यांना सगळं समजावून सांगितलं. घाम म्हणजे काय, मुतखडा कसा होतो, ती हे कशासाठी करते आहे आणि तिला अमेरिकेत कुठली जागा हवी आहे. वजन घटलं तर तो कुणाचा दोष नाही. उलट तेच तिला बघायचं आहे. वहीत नावं नसतील, फक्त क्रमांक असतील, आणि ती वही ऑफिसात जाणार नाही. शशिकांत साहेबांनी मोठ्या साहेबांकडून तसं लिहून आणलं होतं. रहमानभाईंनी तो कागद हिंदीत मोठ्याने वाचून दाखवला.

मग मालविकाने स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, माझ्यावर चढली आणि म्हणाली, "वाचा, मामा."

"एकसष्ट किलो दोनशे!" केरबा ओरडला. "ताई, तुमच्या आईंच्या हातची पुरणपोळी जरा कमी करा!"

पहाटेच्या त्या अंधुक उजेडात ओसरी हसण्याने भरून गेली. हसता हसताच एकेकाने आपली चंची सोडली आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवली. एकोणीस चंच्या ओळीने. माझ्यासमोर एवढा मोठा दागिना आजवर कुणी मांडला नव्हता.

त्या दुपारी केरबा पंचावन्न किलो पाचशे भरला. दोन किलो नऊशे ग्रॅम गेले होते. रहमानभाईंनी दोनदा आकडा वाचला, मग आत गेले आणि मीठ-साखर घातलेल्या पाण्याची बादली घेऊन आले.

मालविका सत्तावीस तारखेपर्यंत रोज तोलत राहिली. टँकर बंद झाला नाही. उलट कामाच्या जागी सावलीला एक मांडव आणि पाण्याचं मोठं पिंप आलं. मालविकाने नवा निबंध लिहिला. त्यात पहिले आकडेही दिले आणि ते का चुकले, त्याची पानभर हकिकतही लिहिली.

पुढचं मला केरबाकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तो साहेबांकडून ऐकून येई आणि माझ्या पाटावर बसून रहमानभाईंना सांगे. पुण्याचे सर नाराज झाले होते. उन्हात माणूस सुकतो हे सांगायला संशोधन कशाला हवं, आणि स्वतःची चूक पानभर कोण लिहितं, असं ते म्हणाले. परिषदेने निबंध घेतला नाही. तरी सरांनी शिफारसपत्र दिलं, मात्र ते साधंच होतं.

पुढच्या वर्षी मालविकाने चौदा रुग्णालयांत अर्ज केले. संशोधनाच्या ओळीत तिने लिहिलं होतं: "कतारमधल्या चाळीस मजुरांची वजने. त्यांपैकी एकोणीस जणांची पहिली वजने चुकली, कारण मोजण्याचे कारण मी त्यांना सांगितले नव्हते. ती पुन्हा घेतली." तिला जे रुग्णालय सर्वांत जास्त हवं होतं, तिथून नकार आला. मग आणखी नकार आले. काहींनी उत्तरच दिलं नाही. केरबा रोज विचारी, "साहेब, ताईंचं काय झालं?" आणि साहेब म्हणत, "इन्शाल्ला, केरबा, येईल."

शेवटी चौदांपैकी एक होकार आला. रुग्णालय फार मोठं नव्हतं, पण तिथे मूत्रपिंडाचा चांगला विभाग होता. फोनवर तिची मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास त्या एकोणीस माणसांबद्दलच विचारलं होतं.

मित्रांनो, आता मी तुम्हाला असं सांगावं, की खरेपणामुळेच तिला जागा मिळाली, असं तुम्हाला वाटेल. पण होकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं नव्हतं. मी काटा आहे. जे माझ्यावर ठेवलेलं नाही, ते मी दाखवत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की ती ओळ खरी होती आणि मांडवाखालचं पिंप रोज भरत होतं.

गेल्या वर्षी, १९८८ साली, मालविका सुट्टीत आई-वडिलांकडे आली होती. ती ओसरीत आली, तेव्हा ही कुंडी माझ्यावर होतीच. आत नवा, विजेवर चालणारा काटा आला होता. तिने कुंडी खाली ठेवली, पदराने माझी दांडी पुसली आणि केरबाला बोलावून घेतलं. केरबा त्याच महिन्यात कायमचा गावी जाणार होता. त्याने मला बोटं लावून नमस्कार केला. मग कुणी न सांगता चंची सोडून कठड्यावर ठेवली आणि माझ्यावर उभा राहिला.

"साठ किलो शंभर," मालविकाने वाचलं. "मामा, वाढलात की! खरंच?"

"मला काय विचारता, ताई? काट्याला विचारा."

माझी दांडी त्याच्या श्वासाबरोबर बारीक हलत राहिली. ती स्थिर करायची मला घाई नव्हती.

ती दोघं गेल्यावर कुंडी परत माझ्यावर आली. कोरफडीला पाणी घालायला मात्र कुणीतरी रोज येतं, तेवढीच सोबत. मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, दुकानात माझ्यासारखा एखादा जुना काटा असेल, तर वर्षातून एकदा त्याच्या चाकांना थेंबभर तेल द्या आणि त्याच्यावर वीस किलोचं वजन ठेवून बघा. तेवढ्याने तो आणखी वीस वर्षं खरं बोलेल. आणि मोठेपणी तुम्ही कुणाला तोलायला निघालात, मग ते वजन असो, हुशारी असो की आजार असो, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि का तोलता आहात ते त्याला सांगा. मग तो आपली चंची आपणच सोडून ठेवतो.